वापरलेला टेबल सॉ : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

गेल्या गणेशोत्सवात मखराचे प्लायवूड आमच्या गॅरेजमध्ये कापले गेले. त्या चार संध्याकाळी जी मंडळी मदतीला आली, त्यांतल्या निम्म्यांनी निघताना एकच प्रश्न विचारला : "असे यंत्र आम्हीही घ्यावे म्हणतो. सेकंड-हँड मिळेल का?" मिळेल, हे उत्तर सोपे आहे. पण "घ्यावे का?" आणि "घेतल्यावर चालले नाही तर काय?" ही उत्तरे चहाच्या कपाबरोबर देण्यासारखी नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माझी लायकी सांगतो. मी सुतार नाही. इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. केली ती यंत्रांच्या कंपनांवर, आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. लहानपणी पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटवरून शाळेत जाताना करवतीचा आवाज आणि ओल्या सागाचा वास यांनी जे वेड लावले, ते चाळिशीत इथे उफाळून आले. २०१४ साली पहिला सॉ घरी आणला तेव्हा, "घरात एक सौ. असताना हा दुसरा कशाला?" असा प्रश्न झाला. पुढच्या पंधरा दिवसांत मोटर जळायची वेळ आली, तेव्हा त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पीएच.डी. काही कामाला आली नाही.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या सुताराची करवत फिरते आणि लाकूड जागेवर राहते. टेबल सॉमध्ये उलटे. पाते टेबलाच्या फटीतून वर डोकावत जागच्या जागी गरगर फिरते आणि आपण फळी त्याच्याकडे सारतो. फळी तिरकी जाऊ नये म्हणून बाजूला एक लांब पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. फेन्स पात्याला समांतर असेल तर दहा फळ्या एकाच मापाच्या निघतात. यंत्राचे सारे मोल या समांतरपणात आहे. मोटर किती अश्वशक्तीची हे त्यानंतर.

इथल्या सेकंड-हँड बाजाराची गोष्ट

या देशात कोणतेच घर कायमचे नसते. नोकरी संपली, मुले कॉलेजला गेली, की दोन महिन्यांत संसार विकायला निघतो. त्यामुळे चांगल्या वस्तू अर्ध्या किमतीत मिळतात. अल कूझ किंवा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातले एखादे सुतारकामाचे दुकान बंद होते तेव्हाही यंत्रे निघतात, पण ती बहुधा थ्री-फेजवर चालणारी आणि दीड-दोनशे किलोची. घरगुती माणसाच्या हाती लागते ते दोन प्रकारचे यंत्र : उचलून नेता येईल असे पंचवीस-तीस किलोचे, किंवा बिडाच्या टेबलाचे, पट्ट्यावर चालणारे, शंभर किलोच्या आसपासचे.

अडचण अशी, की वस्तू हातोहात जाते आणि तिची माहिती मागे राहते. कोणी अमेरिकेतून आणलेली असते, कोणी जर्मनीहून, कोणी ड्रॅगन मार्टमधून घेतलेली. माहितीपुस्तिका पहिल्या मालकाबरोबर गेली, पाना दुसऱ्याबरोबर आणि झाकण तिसऱ्याने "मध्ये येते" म्हणून काढून ठेवले. वापरलेल्या टेबल सॉचे जे दोष म्हणून सांगतात, त्यांतले बरेचसे अशा हरवलेल्या माहितीचे असतात, हा माझ्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

पहिला प्रश्न विजेचा

माझा सॉ एका मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन कुटुंबाकडून घेतला, सोबत जाडजूड ट्रान्सफॉर्मरही मिळाला. २४० व्होल्टचे १२० झाले, म्हणजे प्रश्न मिटला, असे मी समजलो. चार फळ्या कापल्या की मोटरला हात लावता येईना, आणि वार्निश जळल्याचा वास येई. मी पाते बदलले, पट्टा बदलला, ट्रान्सफॉर्मर मोठा घेतला. शेवटी शारजातल्या एका मोटर-वाइंडिंगवाल्याने मोटरवरची धातूची पाटी पुसली आणि एका आकड्यावर बोट ठेवले : ६०.

आपल्याकडे भारतात आणि इथे अमिरातीत वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ही गोष्ट किती मोठी आहे याचे उदाहरण शेजारीच आहे. सौदी अरेबियात ६० हर्ट्झ आणि आखातातल्या बाकी देशांत ५०. त्यामुळे या देशांच्या वीजजाळ्या २००९ साली एकमेकींना जोडू लागल्या, तेव्हा सौदीतल्या फधिली येथे आलटती वीज आधी एकदिश करून पुन्हा आलटती करणारे प्रचंड केंद्र उभारावे लागले. जे देशांना साध्या ट्रान्सफॉर्मरने जमले नाही, ते माझ्या गॅरेजमध्ये जमणार नव्हते.

इंडक्शन मोटरचे दोन नुकसान होतात. एक, तिचा वेग आवर्तनांवर ठरतो, त्यामुळे मिनिटाला ३४५० फेऱ्यांची मोटर इथे साधारण २८७५ फेरे घेते. दुसरे नुकसान जास्त वाईट. तेवढ्याच व्होल्टवर आवर्तने कमी झाली की मोटरच्या लोखंडातले चुंबकत्व सुमारे वीस टक्क्यांनी वाढू पाहते, लोखंड तृप्त होते, आणि जादा प्रवाह उष्णता बनून बाहेर पडतो. पाटीवर ११५ आणि २३० असे दोन्ही व्होल्ट असतील तर तारा बदलून ट्रान्सफॉर्मर वगळता येतो, पण हर्ट्झचा प्रश्न तसाच राहतो.

हलक्या यंत्रांत बहुधा कार्बन ब्रशची मोटर असते. किंचाळल्यासारखा आवाज ही तिची खूण. तिला आवर्तनांचे फारसे सोयरसुतक नसते, ट्रान्सफॉर्मरवर ती चालते. फक्त १५ अँपिअरची मोटर म्हणजे १८०० वॉट, आणि सुरू होताना ती क्षणभर कितीतरी जास्त ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर तीन हजार व्होल्ट-अँपिअरच्या खाली नको.

मी शेवटी ५० हर्ट्झची मोटर बसवली आणि तिच्या दांड्यावरची पुली एकपंचमांशाने मोठी घेतली, म्हणजे पात्याचा वेग मूळचा झाला. या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरून सौदा करायला हवा होता. तेव्हा नियम एक : किंमत विचारण्याआधी पाटी वाचा. व्होल्ट, हर्ट्झ, अँपिअर, फेज. पाटी नसेल तर ती मोटर बदलावी लागेल असे धरूनच बोला.

दुसरा प्रश्न पात्याचा

दहा इंची पाते म्हणजे सगळीकडे एकच, हा दुसरा गैरसमज. अमेरिकन पात्याचे भोक पाच-अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. युरोपीय पात्याचे बहुधा ३० मिलिमीटर. इथे दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली असतात. मोठे भोक लहान दांड्यावर बसवायला रिंग मिळते, पण ती घट्ट बसणारी आणि पात्यापेक्षा किंचित पातळ हवी. लहान भोक ड्रिलने मोठे करून देणारे कारागीरही भेटतील, त्यांना हात जोडावेत. केसाएवढे भोक बाजूला गेले तरी पाते लंगडते.

पात्यावर कमाल वेग छापलेला असतो, तो यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याचे दात ताशी सुमारे १९० किलोमीटरने धावतात. शेख झायेद रोडवर एवढ्या वेगाने गेलात तर काय होईल ते आपण जाणताच.

बघायला जाल तेव्हा

सोबत एक सरळ पोलादी पट्टी, गुण्या, टॉर्च आणि एक दिरहमचे नाणे न्या. आधी प्लग काढायला सांगा.

पात्याचा दांडा हातात धरून वरखाली हलवून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग गेले. पाते हाताने फिरवा, आतून वाळू भरडल्यासारखा आवाज येत असेल तरी तेच. इथल्या धुळीत हे नेहमीचे आहे. नुसते बेअरिंग स्वस्तात बदलते, पण ते बसायची जागाच झिजली असेल तर नाद सोडा. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून पलीकडून टॉर्च मारा. उजेडाची बारीक फट चालेल, पोस्टकार्ड सरकेल इतकी नको. वरचा गंज घासून जातो, खड्डे जात नाहीत. पाते वरखाली करायचे आणि तिरके करायचे चाक पूर्ण फिरवून बघा. अडखळले तर बहुधा आत भुसा आणि जुने ग्रीस यांची पेंड झालेली असते, तो दोष नव्हे. पण पाते धरणाऱ्या बिडाच्या कमानींना तडा असेल, तर परत फिरा.

मग सुटे भाग मोजा : झाकण, पात्यामागची पोलादी पट्टी, फटीवरची झाकणपट्टी, कोन कापायची मायटर पट्टी, पाने. जुन्या मॉडेलचे झाकण इथे मिळेलच असे नाही, आणि ते नसेल तर यंत्र अर्धे आहे.

शेवटी प्लग लावून नाणे टेबलावर कडेवर उभे करा आणि यंत्र चालू करा. नाणे उभे राहिले तर कंपन ठीक. पडले तर पट्टा, पुली किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी तपासायचे आहे. मात्र दिरहमच वापरा. पन्नास फिल्सचे आजचे नाणे सात बाजूंचे आहे, त्यावर परीक्षा घेतली तर कोणताही सॉ पास होईल!

घरी आणल्यावर : सरळ रेषा

पहिल्याच दिवशी, पहिली फळी कापण्याआधी, प्लग काढून हे करा. टेबलात मायटर पट्टीसाठी एक खाच असते. ती खाच आणि पाते समांतर हवेत. पात्याच्या एका दातावर खूण करा. तो दात पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजा. मग तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. तोच दात का, तर पाते थोडे वाकडे असले तरी त्याचा परिणाम मोजमापात येऊ नये म्हणून. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. पाव मिलिमीटरच्या पुढे गेला तर टेबलाचे किंवा खालच्या कमानींचे बोल्ट सैल करून, हलक्या हाताने ठोकून जुळवा, आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना माप हलतेच, वैतागू नका.

पाते आणि खाच जुळल्यावर फेन्स खाचेला समांतर करा. ती मागच्या बाजूला कागदाच्या जाडीएवढी पात्यापासून दूर गेली तर चालेल. पात्याकडे झुकलेली मुळीच चालणार नाही. का, ते आता सांगतो.

उलटा फटका

२०१५ च्या जानेवारीतली गोष्ट. मी एका कपाटाची फळी उभी चिरत होतो. माझा अकरा वर्षांचा मुलगा बराच वेळ मागे उभा राहून बघत होता. पाणी आणायला तो आत गेला आणि मिनिटाभरात टणकन आवाज झाला. हातभर लांबीचा तुकडा माझ्या कमरेजवळून जाऊन गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर आदळला होता. दाराला पोचा पडला होता, मुलाच्या छातीच्या उंचीवर.

पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात वर येत असतात. कापलेली फळी मागच्या दातांना टेकली, तर ते तिला उचलून चालवणाऱ्याच्या दिशेने फेकतात. फेन्स पात्याकडे झुकलेली असली, की फळी नेमकी त्या मागच्या दातांवर दाबली जाते. लाकूड सुकताना त्यात ताण राहिले असतील, तर चीर आपोआप मिटते आणि पात्याला चिमटीत धरते. हे थांबवण्यासाठी पात्यामागे पोलादी पट्टी असते. नव्या यंत्रांत ती पात्याबरोबर वरखाली होते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. युरोपात ती आधीपासून होती, अमेरिकेत नव्या घडणीच्या यंत्रांवर २००८ पासून येऊ लागली. त्याआधीच्या अमेरिकन यंत्रांवर झाकणाला जोडलेली स्प्लिटर असे. माझ्या यंत्राचीही होती. खोक्यात. आधीच्या मालकाने काढली होती आणि मी खोके उघडले नव्हते. फेन्स मागे अर्धा मिलिमीटर आत होती, तीही मी मोजली नव्हती. दोष कोणाचा, हे सांगायला नको.

ही पट्टी पात्याच्या अंगापेक्षा जाड पण पात्याच्या चिरेपेक्षा पातळ असावी लागते. बाजारात पातळ चिरेची पाती मिळतात. ती लावली आणि पट्टी जुनीच ठेवली, तर फळी पट्टीवर अडते. मग माणूस वैतागून पट्टी काढतो. बऱ्याच यंत्रांवर ती नसते, त्याचे हेच कारण असावे.

बोटांचा धोका वेगळा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तिथे टेबल सॉमुळे दिवसाला सरासरी दहा अवयवच्छेद होतात, असा अंदाज दिला होता. यावर स्टीफन गॅस या भौतिकशास्त्राच्या डॉक्टरेटने, जो पुढे पेटंट वकील झाला, १९९९ साली एक युक्ती काढली. पात्यातून सूक्ष्म विद्युतसंकेत जातो, त्वचा लागली की तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून पाते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबवतो. सॉस्टॉप नावाची ही यंत्रे २००४ पासून विकली जातात. एकदा थांबले की ठोकळा आणि बहुधा पातेही बाद होते, पण बोट वाचते. आपल्या बजेटात वापरलेले असे यंत्र क्वचितच बसेल. तेव्हा आपले सुरक्षा यंत्र म्हणजे दोन ढकलकाठ्या, चष्मा, आणि पात्याच्या सरळ रेषेत कोणीही उभे न राहण्याचा नियम. हातमोजे घालू नका, दात त्यांना पकडून हात आत ओढतात.

लक्षणे आणि कारणे

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक पथ्य पाळतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी पाते, पट्टा आणि ट्रान्सफॉर्मर एका आठवड्यात बदलले आणि काहीच शिकलो नाही. खालील क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही : ताबडतोब बंद करा. इंडक्शन मोटरमध्ये सुरुवातीला धक्का देणारा कपॅसिटर मेलेला असतो, किंवा आतल्या स्विचमध्ये भुसा अडकलेला असतो. दोन्ही किरकोळ दुरुस्त्या आहेत, पण कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. माहीतगाराकडेच द्या.

कापताना दम तोडते : आधी पाते बघा. बोथट किंवा राळेने माखलेले पाते हे सर्वांत साधे कारण. मग एक्स्टेन्शन वायर. बारीक आणि लांब वायरीत व्होल्ट गळतात, आणि रिळावर गुंडाळलेली वायर तापते. मग पट्टा. मोटर सर्वांत शेवटी.

फळीची एकच कड काळी पडते : रेषा चुकली आहे, पुन्हा मोजा. दोन्ही कडा काळ्या पडतात : पाते बोथट, किंवा तुम्ही फार हळू सारत आहात.

सुरू करताच घरातला ईएलसीबी पडतो : वीज यंत्राच्या अंगात झिरपते आहे. ओल किंवा कुजलेली वायर शोधा. अर्थिंगची तार काढून यंत्र चालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते अजून आहेत, यात त्यांचे कर्तृत्व काही नाही.

इथली हवा

वाळवंट म्हणजे कोरडे, हे किनाऱ्यावर खरे नाही. ऑगस्टच्या रात्री गॅरेजमधल्या बिडावर दव साचते, आणि भुशात घामाचे थेंब मिसळले की सकाळी टेबलावर बोटांच्या आकाराचे गंजाचे डाग दिसतात. काम झाल्यावर टेबल कोरडे पुसून महिन्यातून एकदा साधे मेण चोळा. सिलिकॉनचा फवारा नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. लाकडाचेही तसेच. इथे झाडे नाहीत. खाडीतली गलबते बांधायलासुद्धा साग मलबारातून येई. वखारीत उन्हात पडलेली फळी एसीच्या घरात आणून लगेच चिरू नका. आठ-दहा दिवस घरात ठेवा, तिला जे वाकायचे ते वाकू द्या.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्पष्टच सांगतो : घेऊ नका. आवाज आणि भुसा शेजाऱ्यांपर्यंत पोचतोच. शिवाय घाईने, बाल्कनीत, अंग चोरून वापरायचे हे यंत्र नव्हे.

जाताना

आम्ही कधीतरी परत जाऊ, तेव्हा माझाही सॉ विकायला निघेल. त्याच्या पोटावर मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे : मोटर बदललेली, २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दांडा पाच-अष्टमांश इंच. स्प्लिटर अमुक जाडीची, पाते अमुक चिरेचे. रेषा शेवटची केव्हा मोजली, फरक किती. डाव्या चाकाचा बोल्ट सैल होतो, सहा महिन्यांनी आवळावा. खाली एक ओळ मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे : "पात्यासमोर उभे राहू नये."

आपल्यापैकी प्रत्येक जण इथे कधी घेणारा असतो आणि कधी विकणारा. घेताना पाटी वाचा, आणि विकताना असा कागद लावा. दाराचा पोचा मी अजून दुरुस्त केलेला नाही. गॅरेजमध्ये नवा माणूस आला, की यंत्र दाखवण्याआधी तो दाखवतो.